उघड्या तोंडाचा गुब्बारा

४ डिसेंबर १९४९, रविवार. सावरगाव

काल मी जे बोलून बसले ते दुसरी कोणी बोलली असती, तर मीच तिला म्हटलं असतं, बाई, जरा दम धर. पण माझ्या तोंडाला दम धरणं ठाऊक नाही.

झालं असं. जाम नदीपलीकडे पांढुर्ण्याला मी शिकवते त्या मुलींच्या शाळेत कमिटीची बैठक होती. सव्वीस जानेवारीला देश प्रजासत्ताक होणार, तर पांढुर्ण्याच्या मैदानात काय काय करायचं ते ठरवायला. मुलांच्या शाळेला लेझीम दिली, बँड दिला, लाकडाची तोफसुद्धा दिली. मग कमिटीचे अध्यक्ष भैय्याजी, ज्यांचं स्टेशनाकडे कापसाचं जिनिंग आहे, ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "अन् पोरी स्वागतगीत म्हणतीन."

पंधरा ऑगस्टला पोरींनी स्वागतगीत म्हटलं. इन्स्पेक्टर आले तेव्हा म्हटलं. कलेक्टरसाहेब येणार होते आणि आलेच नाहीत, तेव्हा रिकाम्या खुर्चीसमोर म्हटलं. माझं टाळकं सटकलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या पोरी गुब्बारा उडवतील. कागदाचा, गरम हवेचा, खोलीएवढा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आता बोललेच आहे तर पुरतं बोलावं म्हणून मी पुढे ठोकलं, "आणि तो उडला तर कमिटीने मुलींची पाचवी उघडायची."

आमची शाळा चौथीपर्यंत आहे. चौथी झाली की पोरगी घरी. यंदा चौथीत अलका आहे. "बाई, आकाशाला बूड कुठं असते?" असं विचारणारी पोरगी. तिच्या बापाने मला आधीच सांगून टाकलंय, "झालं न आता, बाई. सही येते तिले." अलकाला उन्हाळ्यानंतर शेण थापताना मला पाहायचं नाही.

भैय्याजी हसून हसून लाल झाले. "उडला तं जुलैपासून पाचवी, माहा शब्द. नाही उडला तं पाचवीचं नाव काढायचं नाही, अन् स्वागतगीत तुम्ही सोता म्हणसान, बाई. अन् अजून एक. गुब्बाऱ्यासंगं इस्तो वर जाता कामा नये. माह्या जिनिंगात कापसाचे ढीग पडून आहेत."

म्हणजे खाली गरम हवा भरायची आणि विस्तवाशिवाय सोडून द्यायचा. मी म्हटलं, मंजूर.

मी आयुष्यात गुब्बारा उडवलेला नाही. नागपूरला मावशीकडे मॅट्रिक करत होते तेव्हा दिवाळीत गच्चीवरून एक उडताना पाहिला होता. आणि वायूंचे नियम पाठ आहेत. तेवढ्यावर अलकाची पाचवी लावून बसले.

६ डिसेंबर

आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुह्या तोंडाले कुलूप लावाव काय वं, विजे?"

आईचा राग जुना आहे. गेल्या वर्षी काटोलहून एक मुलगा मला पाहायला आला होता. त्याने विचारलं, "गाणं येते काय?" मी विचारलं, "तुम्हाला त्रैराशिक येतं काय?" त्याला येत नव्हतं. ते लोक पोहे टाकून उठले. तेव्हापासून आमच्या घरी "पाहायला येणे" हा शब्द निघत नाही, आणि मी मोठ्या सुखात आहे.

बापूजी बगीच्यात होते. संत्र्याने वाकलेल्या फांदीला बांबूचा टेकू देत होते. ते ऐकून स्वतःशीच म्हणाले, "गुब्बारा उडो का न उडो, पोरगी तं उडून राहिली."

११ डिसेंबर, रविवार

आज सौसरहून पाहुणे आले, बगीचा पाहायला. झाडांवर अजून फळ आहे, त्यामुळे व्यापारी येतात-जातात. केसरबाई नावाच्या भारदस्त बाई होत्या आणि त्यांचा पुतण्या मोरेश्वर. तो सौसरच्या पोस्टात तारबाबू आहे. सुट्टीत काकूला मदत करत असेल.

आईने मला नवं पातळ नेसायला लावलं. म्हटलं, व्यापाऱ्यासमोर कायले? तर म्हणे, "बगीच्याचे लोक फाटके दिसले तं भाव पाडतात." मला पटलं.

केसरबाई चौकस आहेत. मला जवळ बसवून विचारलं, नजर कशी आहे, सुईत दोरा ओवता येतो काय, उन्हात डोकं दुखते काय. संत्र्यांचा लहान-मोठा माल निवडायला नजर लागतेच, म्हणून विचारलं असावं. मी सांगितलं, नजर चांगली आहे, आणि डोकं फक्त मूर्ख माणसांनी दुखतं. आईने दाराआडून ओठांवर किल्ली फिरवून दाखवली. गंमत म्हणजे भाव त्यांनी एकदाही विचारला नाही. असे व्यापारी धंदा कसा करतात देव जाणे.

निघताना मोरेश्वररावांच्या सायकलची हवा कमी झाली होती. त्यांनी अंगणात पंप मारला आणि हात झटकला. म्हणाले, "एवढ्या थंडीत हा पंप गरम कायले होऊन राहिला?"

आता मला कोणी असं विचारलं तर मी काय गप्प बसणार? मी म्हटलं, "तुम्ही आत हवा दाबून राहिले. दाबली की ती तापते."

"अन् उलटं? तापवली की?"

"जागा मिळाली तर पसरते. जागा नाही दिली तर तिचा दाब वाढतो. कोंडून ठेवलेल्या माणसासारखं."

मग मी त्यांना सगळे नियम सांगितले. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं ते, आणि उष्णतेचं ते, आणि गुब्बाऱ्याचं, भैय्याजींचं, अलकाचंही. केसरबाई म्हणाल्या, "पोट्टी बोलते बाप्पा." मी म्हटलं, हो, बोलते. मोरेश्वरराव पंप हातात धरून म्हणाले, "बोलू दे न, काकू. माह्या पोस्टात तं दिवसभर नुसतं कट्ट-कड-कट्ट."

माणूस ऐकतो चांगलं. इतका वेळ कोणी हवेबद्दल ऐकून घेतलेलं मला आठवत नाही.

१७ डिसेंबर, शनिवार

पहिला प्रयोग झाला. कसा झाला ते लिहिताना मला अजून हसू येऊन राहिलं.

अक्कल मला आईच्या पोळीवरून सुचली. पोळीला भोक पडलं की वाफ निसटते आणि पोळी काही फुगत नाही. अख्खी असली की टम्म. तेव्हा गुब्बाऱ्याचं तोंडही घट्ट बांधायला पाहिजे, म्हणजे हवा पळणार नाही. पतंगाच्या कागदाचा लहानसा गुब्बारा केला, जोड खळीने चिकटवले, लोहाराकडून भाता आणून हवा भरली, तोंड सुतळीने आवळलं आणि शाळेच्या मागे निखाऱ्यांवर धरला.

फुगला. तबल्यासारखा ताणला. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. मी म्हटलं, आता उडतो. आणि फाट् झालं. खळीचा एक लगदा माझ्या नाकावर येऊन बसला, आणि अलकाच्या केसांत भगवा कागद. मोठ्या बाई "काय फुटलं, काय फुटलं" करत पदर सावरत धावत आल्या.

आम्ही सगळ्या खाली बसून पोट धरून हसलो. मग पोरी घरी गेल्या आणि मी एकटी राखेवर पाणी टाकत राहिले, तेव्हा भीती वाटली. अलकाने जाताना विचारलं होतं, "बाई, पुढच्या वेळी उडते न?" मी हो म्हणून बसले आहे.

२० डिसेंबर

शेवटची संत्री उतरली. बैलगाड्या भरून स्टेशनावर गेल्या. आता बगीचा भादरलेल्या डोक्यासारखा दिसतो. बापूजी चार दिवस झोपा काढणार म्हणाले.

२५ डिसेंबर, रविवार

मोरेश्वरराव आज एकटेच आले, बगीचा पाहायला. बापूजी म्हणाले, "दाखव वं तू, माहे पाय दुखून राहिले." म्हणून मी घेऊन गेले. झाडांच्या दोन ओळींमधून चालत आम्ही विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो, आणि मग पुन्हा गेलो. सगळा वेळ फुटलेल्या गुब्बाऱ्यावरच बोलणं झालं, बगीचा पाहायचा राहूनच गेला. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "पाहिला न." कुठे पाहिला? त्यांची नजर झाडाकडे नव्हतीच.

त्यांनी सौसरहून हिरवा पतंगी कागद आणला. पांढुर्ण्यात भगवा मिळाला, पांढरा मिळाला, हिरवा मिळत नव्हता. मी त्या दिवशी बोलता बोलता म्हटलं असेन. इतकं लक्षात ठेवायचं म्हणजे तारबाबूचंच काम.

जेवायला बसवलं. आई तव्यावरून पोळी ताटात टाकत म्हणाली, "तुमची हे गुब्बारेवाली. पोळी फुगली म्हणून काय उडते? बसल्या जागी टम्म, हिच्यासारखी."

मी रागावणार होते. पण मोरेश्वरराव घास हातात धरून म्हणाले, "खरंच की. टायर फुगवला तं सायकल काही हलकी नाही होत. अजून हवा भरली, मतलब थोडी जडच होत असंन."

मी ताटावरून उठले. तशीच, उष्ट्या हाताने. हवा आत कोंडली तर ती जितकी होती तितकीच राहते, तिचं वजनही तितकंच. तापवली की नुसता दाब वाढतो आणि फुटते. हलकं व्हायचं तर थोडी हवा बाहेर गेली पाहिजे. तोंड उघडं ठेवलं, खालून तापवलं, की हवा पसरेल, मावणार नाही ती तोंडातून निघून जाईल, आणि तेवढ्याच पोटात कमी हवा राहील. आतला दाब बाहेरच्याइतकाच, म्हणून फुटायचंही भय नाही.

मी अंगणातूनच ओरडले, "आई, तोंड उघडं ठेवायचं. बंद केलं की फुटतं, उघडं ठेवलं की उडतं."

आई म्हणाली, "हे शास्त्रात लिहिलं आहे का तू आपल्या सोयीनं सांगून राहिली?"

मोरेश्वरराव जाम हसले. हसताना त्यांचे कान हलतात. आज मला फार आनंद झालाय, विज्ञानामुळे.

७ जानेवारी १९५०, शनिवार

वाटोळं.

मोठा गुब्बारा तयार झाला. वर भगवा, मध्ये पांढरा, खाली हिरवा, तोंडाला कामटीचं कडं. पोरींनी रोज शाळेनंतर बसून चिकटवला. दुपारची सुट्टी झाली तेव्हा मैदानात विटांचा चुल्हा मांडला, वर पत्र्याचं नळकांडं, त्यावर गुब्बाऱ्याचं उघडं तोंड. फुगला, सरळ उभा राहिला, इतका सुंदर की पोरी टाळ्या वाजवायच्या विसरल्या. कडं सोडलं. हातभर वर गेला, कलला आणि हळूच खाली बसला. पुन्हा भरला, पुन्हा बसला.

नेमके भैय्याजी रस्त्याने चालले होते. थांबले, पाहिलं आणि म्हणाले, "बाई, म्हैस बसली." आणि टांगा हाकला.

चार पोरी रडल्या. अलका रडली नाही. तिने गुब्बाऱ्याची घडी केली आणि म्हणाली, "बाई, मी स्वागतगीताचा सूर धरून पाहू?" तिने हे चांगल्या मनाने विचारलं, म्हणून मला जास्त लागलं.

९ जानेवारी, सोमवार

काल दिवसभर मी फुगून बसले. जेवले नाही, बोलले नाही. आई म्हणाली, "बरी आहे न पोरगी? घरात आवाज नाही आज."

आज पहाटे चिडचिडतच विहिरीवर गेले. थंडी अशी की दोर हाताला चावत होता. बैल मोटेला जाईना, म्हणून मी त्याला शिव्या घालायला लागले, भैय्याजींच्या नावाने. आणि पाहते तर माझ्या तोंडातून वाफ निघून वर जात होती. प्रत्येक शिवीबरोबर एक ढग, सरळ वर.

दुपारी मी एवढीच गरम असते, एवढंच बोलते. तेव्हा वाफ दिसत नाही, वर जात नाही. मी बदलले नव्हते, बाहेरची हवा बदलली होती. आतली किती गरम याला एकटीला अर्थ नाही, बाहेरची तिच्यापेक्षा किती गार त्याला अर्थ आहे. शनिवारी ऐन दुपारी, तापलेल्या मैदानात, बाहेरची हवाही पसरून हलकी झाली होती. गुब्बारा बिचारा कोणापेक्षा हलका होणार?

मी बैलाच्या गळ्यात हात टाकला. त्याने मान झटकली, तरी मी सोडला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

उडला. उडला. उडला.

दिवस निघायच्या आधी, आमच्याच बगीच्यात, दोर बांधून. पोरी गोधड्या पांघरून नदी ओलांडून आल्या होत्या. कडं सोडलं तसा तो काही विचारच न करता वर गेला, झाडांच्या वर, विहिरीच्या रहाटाच्या वर, आणि दोर माझ्या हाताला ओढायला लागला. त्या ओढीने माझ्या टाचा उचलल्या गेल्या की मीच उड्या मारत होते ते सांगता येत नाही. आई अंगणात तिळगुळाचं ताट घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मायबाई." तिच्याकडून एवढा एकच शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

थोडा वेळ राहिला. आतली हवा गार झाली तसा हळूहळू उतरला.

दुपारी मोरेश्वरराव तिळगूळ घेऊन आले. केसरबाईंनी माझ्यासाठी हिरव्या बांगड्या पाठवल्या. व्यापारी माणसं संबंध किती धरून असतात पाहा. आई म्हणाली, "गोड बोल आजच्या दिवशी तरी." मी मोरेश्वररावांना तिळगूळ दिला आणि म्हटलं, तुमच्या टायरमुळे उडला. ते म्हणाले, "मी बदली मागून राहिलो, पांढुर्ण्याच्या पोस्टात." सौसरचं पोस्ट चांगलं आहे म्हणतात, मग कशाला? मी विचारलं तर म्हणाले, "इकडची हवा चांगली आहे." मी सांगितलं, हवा दोन्हीकडे सारखीच असते, नायट्रोजन आणि ऑक्सिजन.

२४ जानेवारी

भैय्याजींनी कार्यक्रम लावला. आठ वाजता झेंडा. मग लेझीम, तोफ, बँड, मग त्यांचं भाषण. आणि सगळ्यात शेवटी, ऊन चढल्यावर, गुब्बारा.

मी गेले सांगायला. हवा थंड असताना उडवू द्या, झेंड्याच्या आधी उडवू द्या. म्हणाले, "आधी देश, मंग गुब्बारा." आले परत.

एक गोष्ट धड होत नाही. अलकाच्या बापाने तिला फ्रॉक नाही, लुगडंच आणलं, सव्वीस तारखेला नेसायला. दहा वर्षांच्या पोरीला लुगडं. त्याने काय ठरवलंय ते दिसतंच आहे.

२६ जानेवारी १९५०, गुरुवार

दमले आहे, पण सगळं लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

झेंडा चढला. लेझीम झाली. तोफेतून धूर निघाला पण आवाज निघाला नाही, म्हणून एका मास्तरांनी तोंडाने "धडाम" केलं. मग भैय्याजी भाषणाला उभे राहिले. आजपासून आपल्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश, इथून सुरुवात केली आणि मग त्यांच्या आजोबांवर आले. आम्ही मैदानाच्या कडेला चुल्हा पेटवून बसलो होतो. ऊन माझ्या पायावरून गुडघ्यावर आलं. भैय्याजी आजोबांवरून जिनिंगवर आले. अलका लुगड्याचा काष्टा सावरत माझ्याकडे पाहत होती.

मी उभी राहिले. मोठ्या बाईंनी माझा पदर धरला, तो सोडवला. आणि एवढ्या गावासमोर म्हणाले, "भैय्याजी, जरा थांबता काय? हवा गरम होऊन राहिली."

भैय्याजींनी विचारलं, "माह्या भाषणानं?"

मी म्हटलं, "उन्हानं. पण भाषणही मदत करून राहिलं."

मैदान असं हसलं की बँडवाल्याचा ढोल आपोआप वाजला. भैय्याजींनी माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि तेही हसत खुर्चीत बसले. "उडवा मंग. नाही उडला तं गाणं तयार ठेवा."

आम्ही भरला. मी पोरींना सांगितलं, घाई नाही, भरू द्या, अजून भरू द्या. कडं हाताला ओढायला लागलं. मी "सोडा" म्हटलं.

गेला. कडुनिंबाच्या वर गेला, देवळाच्या कळसाच्या वर गेला, भगवा पांढरा हिरवा. विस्तव नाही, दोर नाही, नुसती आमची गरम केलेली हवा. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही.

पण वारा सावरगावकडे होता. आतली हवा गार होत गेली तसा तो जाम नदीवर उतरायला लागला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अरे, झेंडा सावरगावात चालला."

झालं. आमच्या दोन गावांना एवढं पुरतं. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतो, त्यावर झेंडा, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांना गोटे मारत त्याच्यासाठी लढतो. उरलेलं वर्ष सोयरिकी करतो. आता जानेवारी आहे, पोळा नाही, पळस नाही, पण नदीच्या वर तिरंगा आणि दोन्ही काठांवर माणसं म्हटल्यावर पायांना कोण सांगणार? सगळं पांढुर्णा धावलं. समोरून सावरगाव धावलं. एकाने सवयीने गोटा उचलला. अलकाच्या आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ठेव खाली. आज आपलंच राज्य आहे, कोणाले मारतं?"

गुब्बारा मधोमध पाण्यात बसला. सावरगावकडून गुडघाभर पाण्यात सगळ्यात पुढे कोण होतं? बापूजी, ज्यांचे पाय दुखतात. पांढुर्ण्याकडून धोतर खोचून भैय्याजी. दोघांनी कड्याला एकदमच हात घातला. कागद भिजून फाटला, कडं दोघांच्या हातात.

बापूजी मोठ्याने म्हणाले, "पोरगी सावरगावची, गुब्बारा सावरगावचा. तं पोरींची पाचवीही आम्ही सावरगावातच उघडतो. माह्या कोठ्यात. जुलैपर्यंत कोण थांबते, उद्यापासून."

बापूजींना नेमका आत्ताच गावाचा अभिमान चढायचा होता. कोठ्यात कुठली पाचवी, तिथे बैल असतात.

भैय्याजी कडं ओढत म्हणाले, "कायले सावरगावात? पाचवी पांढुर्ण्यातच उघडते. मी शब्द दिला होता. दोन्ही काठ ऐकून राहिले, मी आज पुन्हा सांगतो."

बापूजींनी कडं लगेच सोडलं. भैय्याजी पाण्यात बुडावर बसले. दोन्ही काठ हसले, आणि भैय्याजीही बसल्या बसल्या हसले, कडं डोक्यावर धरून.

अलकाचा बाप माझ्याजवळ आला, खूप वेळ घुटमळला आणि म्हणाला, "बाई, पाचवीत लुगडं चालते काय?" मी म्हटलं, फ्रॉक शिवा, धावायला बरा पडतो. तो हो म्हणाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मोरेश्वरराव काठावर उभे होते. सुट्टी टाकून आले होते म्हणे. त्यांच्या पायजम्यालाही गुडघ्यापर्यंत पाणी लागलं होतं. ते कोणत्या गावाकडून धावले ते विचारायचं राहिलं.

२९ जानेवारी, रविवार

सकाळी बापूजी बाजेवर बसून म्हणाले, "सौसरवाल्यांचा होकार आला."

"कशाचा?"

"बगीच्याचा. पसंत आहे म्हणतात."

मी म्हटलं, चांगलं झालं, भाव काय दिला? तर आई चुलीपुढे पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसता हसता तिने पोळी करपवली. मला राग आला. मी म्हटलं, "यात हसायचं काय? एवढ्या वेळा आले, बसले, चहा प्यायले, जेवले, आणि भावाचं एक अक्षर नाही. आणि मी विचारते, संत्री तर डिसेंबरातच उतरली. झाडावर एक फळ नाही. मग तो माणूस पुन्हा पुन्हा येऊन बगीच्यात पाहत काय होता..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

आई हसतच होती. नवं पातळ. नजर कशी आहे. हिरव्या बांगड्या, ज्या माझ्या हातात होत्या. इकडची हवा चांगली आहे. आणि मी त्याला नायट्रोजन सांगितला.

बापूजी हळूच म्हणाले, "पाहायले येतात म्हटलं असतं तं तू त्यालेही त्रैराशिक घातलं असतं. म्हणून सांगितलं नाही. आता तू सांग. नको असंन तं नको कळवतो, माह्याकडून जोर नाही."

मी विचारलं, "जुलैपासून पाचवी मी शिकवणार आहे, ते त्यांना ठाऊक आहे काय?"

"त्यानं बदली कायले मागितली मंग?"

मला एकदम हलकं वाटायला लागलं, कान तापले, आणि बोलायला काही सुचेना. असं माझं कधी होत नाही. आईने हसू थांबवून माझ्याकडे काळजीने पाहिलं, पोरीला काही झालं की काय म्हणून.

मग सुचलं. मी म्हटलं, "हो कळवा. पण आधी मी येणार सौसरला. मलाही पाहायचा आहे."

"काय पाहायचं?"

"बगीचा," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत. मोरेश्वररावांना तसा निरोप गेला आहे, आणि त्यांच्या घरी संत्र्याचं एकही झाड नाही, हे बापूजींनी मला आत्ताच सांगितलं.